हाँगकाँगच्या साइटवरून मागवलेला फोन दुकानदार परत घेईना, ड्युटी पण भरून बसलोय. काय करू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, वैताग आलाय म्हणून. हाँगकाँगच्या एका ऑनलाइन दुकानातून फोन मागवला, नाव इथं टाकत नाही उगीच कटकट नको. ते मॉडेल आपल्याकडं आलंच नाही आणि मला कॅमेऱ्यासाठी तेच पाहिजे होतं, लग्नाची कामं घेतो मी, खिशात दुसरा कॅमेरा म्हणून बरा फोन लागतो. साइटवर ठळक लिहिलेलं "ग्लोबल व्हर्जन". शिपिंग धरून ३८,९०० कार्डावरनं गेले. मग मुंबईत कस्टमला अडकला, कुरिअरवाल्याचा मेसेज आला की केवायसी द्या, दिलं, मग ड्युटी १४,७०० आणि वर त्यांनी आपल्या वतीनं आधी भरली म्हणून त्याची फी वेगळी. म्हणजे ५४-५५ हजाराला पडला. ते पण चाललं असतं, मनाची तयारी होती.

खोका उघडला तर सील ब्लेडनं कापून परत चिकटवलेलं. चार्जर चायनाच्या पिनचा, सोबत एक फालतू ॲडॉप्टर. फोन चालू करताना दरवेळी उघड्या कुलपाचं चित्र आणि खाली वॉर्निंग. मी म्हटलं असेल काहीतरी. प्ले स्टोअर आहे, भाषा आहेत, सगळं दिसतंय. पण एकही यूपीआय ॲप चालेना, बँकेचं ॲप तर उघडल्या उघडल्या बंद होतंय, "डिव्हाइस सुरक्षित नाही" म्हणतंय. अपडेट येतंय पण इन्स्टॉल होत नाही. आणि जिओचं कार्ड टाकलं की नेट चालतं, फोन लावायला गेलं की कट. वर कॅमेरा दहा मिनिटं चालवला की तापतो आणि दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला.

दुकानाला मेल टाकला. उत्तर येतंय "डिअर फ्रेंड". आधी म्हणाले फॅक्टरी रिसेट मारा. मारला. मग म्हणाले १५ डॉलर देतो, फोन ठेवून घ्या. नाही म्हटल्यावर ४० डॉलर. आता म्हणतायत परत पाठवायचा तर पाठवा, पण पाठवणीचा खर्च तुमचा, आणि खोका उघडलाय म्हणून २० टक्के कापणार. खोका त्यांनीच उघडलेला होता की राव!

पार्सल हातात येऊन २२ दिवस झाले. ऑर्डर टाकून ३७. आता पाठवून देऊ का? आणि ड्युटीचे पैसे परत मिळतात का कुणाला? इथं सांगलीत कुरिअरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो मोबाइल फॉरेनला जातच नाही.

मीच तो:
सेल लागलेला असताना इथला चांगला फोन घ्यायचा सोडून हे उद्योग कशाला करायचे म्हणतो मी. पाच हजार वाचवायला गेला आणि पन्नास अडकवले. चालू द्या.

कृष्णाकाठ:
दादा वाचवायला नाही हो, ते मॉडेल इंडियात मिळतच नाही असं वरच लिहिलंय. वाचून बोला की.

रॉमकरी:
फोन ग्लोबल नाहीये. चायनाचा हँडसेट आहे, दुकानानं खोका उघडून बूटलोडर (फोन चालू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे का बघणारं कुलूप) अनलॉक केला आणि आपला जुळवलेला रॉम (म्हणजे फोनचं सगळं सॉफ्टवेअर) टाकला. ह्याला व्हेंडर रॉम म्हणतात. उघड्या कुलपाचं चित्र म्हणजे तेच, बूटलोडर उघडा आहे असं फोन स्वतःच ओरडून सांगतोय. बूटलोडर उघडा असला की गूगलची इंटेग्रिटी चेक (फोनशी छेडछाड झालीय का ही तपासणी) फेल जाते आणि बँकेची ॲपं त्याच्यावरच बघतात, म्हणून यूपीआय नाही. अपडेट बसत नाही कारण रॉम कंपनीचा नाहीच.

जिओचं कारण वेगळं. जिओकडं टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल जातो तो व्होल्टीईवरूनच (म्हणजे फोरजीच्या नेटवरूनच), आणि इकडच्या नेटवर्कचं व्होल्टीई प्रोफाइल त्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर नेट चालणार पण कॉल नाही. एअरटेलचं कार्ड टाकून बघा, कॉल लागेल बहुतेक, कारण त्यांचं टूजी अजून आहे. बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते पण तपासा, जिओ फोरजीला ३, ५ आणि ४० वापरतं आणि फाइव्हजीला एन २८ आणि एन ७८. काही चायना मॉडेलात एन २८ नसतो, मग घरात फाइव्हजी विसरा.

आता महत्त्वाचं. यूट्यूब बघून स्वतः रॉम टाकायला जाऊ नका. चायनाच्या हार्डवेअरवर ग्लोबल रॉम असताना बूटलोडर लॉक केला तर काही कंपन्यांचे फोन सरळ वीट होतात, चालूच होत नाहीत. आणि तुम्ही हात लावला की दुकान म्हणणार ह्यानंच बिघडवला. आहे तसा ठेवा, कुलपाच्या चित्राचा व्हिडिओ काढून ठेवा.

पेठेतला:
अनुभवाचे बोल सांगतो. २०१९ मध्ये मी असाच एक फोन मागवलेला, स्क्रीनवर पिवळा डाग. दुकान म्हणालं पाठवा, मी शहाण्यासारखा पाठवला. आमच्या स्पीड पोस्टानं नाही, भारी कुरिअरनं, साडेतीन हजार घातले. ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड आलं, सही कुणाची तर गेटवरच्या माणसाची. दुकान म्हणे आम्हाला रिकामा खोका मिळाला. मी म्हटलं असं कसं, ते म्हणे कुरिअरला विचारा. कुरिअर म्हणे वजन बरोबर होतं. ह्या टोलवाटोलवीत चार महिने गेले आणि कार्डाची मुदत संपली. फोन पण गेला, पैसे पण गेले, ड्युटी पण.

तेव्हा पाठवणारच असाल तर पॅक करताना अखंड व्हिडिओ काढा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, स्क्रीनवर दाखवून (स्टार हॅश ०६ हॅश), खोक्यात ठेवताना, टेप मारताना आणि काउंटरवरच्या काट्यावर वजन दिसेपर्यंत. मध्ये कट नको. पण माझं मत विचाराल तर पाठवूच नका इतक्यात.

टेपवाला:
मी इंटरनॅशनल कुरिअरमध्ये आहे, अंधेरीला. कंपनी विचारू नका. सांगलीचा माणूस "जातच नाही" म्हणाला ते अर्धं खरं आहे.

फोनच्या आत बसलेली लिथियम बॅटरी जाते, तिचा नंबर यूएन ३४८१. सुटी बॅटरी म्हणजे यूएन ३४८०, ती २०१६ पासून पॅसेंजर विमानात कार्गो म्हणून बंद आहे. लोकांच्या डोक्यात दोन्हीचा गोंधळ होतो. आता आत बसलेली जाते म्हटलं तरी कुठली कुरिअर कंपनी साध्या गिऱ्हाइकाकडून घेते, कुठली फक्त अकाउंटवाल्यांकडून घेते, हे ज्याचं त्याचं धोरण. गल्लीतला फ्रँचायझीवाला "होतंय की साहेब" म्हणून घेतो, पैसे घेतो, आणि हबला एक्स-रेमध्ये दिसलं की पार्सल आठ दिवसांनी परत. तेवढे दिवस तुमचे गेले. म्हणून आधी कंपनीच्या मेन ऑफिसला फोन करून विचारायचं, फोन विथ बॅटरी इन्स्टॉल्ड, एक नग, ह्या ह्या देशाला, घेता का.

पण तुमच्या केसमध्ये एक अडचण आहे. तुम्ही लिहिलंय फोन तापतो. तापतो म्हणजे कसा? कॅमेरा चालवल्यावर सगळेच तापतात. पण पाठ फुगलीय का, स्क्रीन कडेनं उचललीय का, नीट आडवा धरून बघा. बॅटरी फुगलेली, डॅमेज झालेली किंवा कंपनीनंच सुरक्षेच्या कारणानं खराब ठरवलेली असेल तर ती कुठल्याच विमानात चढत नाही, आयएटीए म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा नियम आहे, ह्यात काही जुगाड नाही. आणि कुणी सांगितलं की डिक्लेरेशनवर "ॲक्सेसरी" लिहा तर त्याचं ऐकू नका. आग लागली तर सही तुमची असते.

कृष्णाकाठ:
बघितलं, पाठ सपाट आहे. टेबलावर ठेवला तर हलत नाही. स्क्रीन पण बसलेली आहे.

आणि आज दुकानानं पत्ता दिलाय. साइटवर हाँगकाँग लिहिलंय, हा पत्ता शेनझेनचा आहे, दुकानाचं नाव नाही, नुसतं एका माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर. वर सांगतायत किंमत २० डॉलर लिहा, गिफ्ट लिहा आणि बॅटरीचा उल्लेख करू नका नाहीतर आम्ही पार्सल घेणार नाही. खर्च विचारला तर ४,२०० सांगितला एकानं.

टेपवाला:
झालं. हे नेहमीचं आहे. हाँगकाँग फ्री पोर्ट आहे, फोनवर तिथं इम्पोर्ट ड्युटीच नाही. शेनझेन म्हणजे मेनलँड चीन, तिथं कस्टम लागतं, ते भरायला नको म्हणून २० डॉलर लिहायला सांगतात. खरी किंमत लिहिली तर पार्सल नाकारतात आणि ते तिकडंच पडून राहतं नाहीतर तुमच्या खर्चानं परत. २० लिहिली आणि हरवलं तर कुरिअर २० च्या हिशोबानंच भरपाई देणार. दोन्हीकडून तुम्हीच. तो मेल डिलीट करू नका मात्र, सोन्यासारखा आहे.

न्हावाशेवा:
ड्युटीचं मी सांगतो, सीएचए म्हणजे कस्टमची कामं करून देणाऱ्या एजंटाकडं काम करतो, १४ वर्षं झाली.

पहिलं म्हणजे कुरिअर कंपनीकडून बिल ऑफ एंट्रीची कॉपी मागा. ड्युटीची पावती नाही, बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आत आणताना कस्टमला दिलेला कागद. देत नाहीत लगेच, दोनदा मेल करायला लागतो. त्यात कुठल्या हेडिंगखाली (कस्टमच्या यादीतला मालाचा नंबर) ड्युटी लावली ते दिसेल. फोनवर बेसिक ड्युटी जुलै २०२४ च्या बजेटमध्ये २० वरून १५ टक्के केली, त्यावर सरचार्ज, मग त्या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३७ टक्क्यांच्या पुढंच जातं. तुमचे १४,७०० त्याच हिशोबात बसतात. गिफ्ट म्हणून सुटायची जी सवलत होती ती २०१९ च्या डिसेंबरपासून गेली, राख्या आणि जीव वाचवणारी औषधं सोडून, त्यामुळं ते कुणी सांगत असेल तर जुनी माहिती आहे.

परताव्याचे कस्टम्स ॲक्टमध्ये दोन रस्ते आहेत. एक कलम २६ए. माल खराब निघाला किंवा ठरल्याप्रमाणे नाही, तर भरलेली ड्युटी परत. पण अट अशी की आउट ऑफ चार्ज (म्हणजे कस्टमनं माल सोडला) झाल्यापासून ३० दिवसांत माल परत एक्सपोर्ट करायचा, आणि खोट शोधण्यापुरताच वापरलेला पाहिजे, त्याच्यावर लग्नाचे फोटो काढायचे नाहीत 🙂 कमिश्नर ही मुदत जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकतो, कारण दाखवलं तर. दुसरा रस्ता कलम ७४, ड्रॉबॅक, म्हणजे आलेला माल परत बाहेर गेल्यावर मिळणारा ड्युटीचा परतावा. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत परत गेला तर ९८ टक्के ड्युटी मिळते, वापरलेला असेल तर जितका जास्त वापर तितकं कमी.

ऐकायला बरं वाटतं. पण दोन्हीत एक गोष्ट लागते, परत जाताना कस्टमच्या माणसानं तोच फोन आहे हे ओळखून कागदावर आणलं पाहिजे. आयएमईआय आलेल्या कागदाशी जुळला पाहिजे. तुम्ही काउंटरवर जाऊन "गिफ्ट, २० डॉलर" म्हणून पाठवला की तिथंच ड्युटीचा विषय संपला, कारण कागदावर तो फोन परत गेलेलाच नाही. आणि नीट शिपिंग बिल (एक्सपोर्टचा कस्टमचा कागद) करून पाठवायचं तर सीएचए लागणार, त्याची फी, फेऱ्या, सांगलीहून मुंबई. एका फोनसाठी आमच्या ऑफिसात कुणी फाइल उघडणार नाही, खरं सांगतो. कंपन्या करतात हे, पन्नास पन्नास नगांचं.

तुमचं आउट ऑफ चार्ज कधी झालं? पार्सल हातात यायच्या एक-दोन दिवस आधी असेल. म्हणजे २४ दिवस गेले. सहा राहिले.

मीच तो:
कुणी ओळखीचं हाँगकाँगला जात असेल तर त्याच्या बॅगेतून द्या पाठवून, फुकट काम.

न्हावाशेवा:
देऊ शकता. पण मग एक्सपोर्टचा कागदच नाही, ड्युटीवर पाणी सोडा. आणि दुकानाचा पत्ता शेनझेनचा, तो माणूस बॉर्डर ओलांडून जाणार का तुमच्यासाठी?

माजी बँकवाली:
मी कार्ड डिस्प्यूटच्या टेबलावर नऊ वर्षं होते, आता सोडली नोकरी. तुम्ही सगळे पार्सलमागं लागलायत, मला त्या मुदतीचं टेन्शन आलंय. कार्डानं पैसे दिलेत ना? मग फोन पाठवायच्या आधी बँकेत चार्जबॅक टाका, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत मागा. क्रेडिट कार्ड असो, डेबिट असो, दोन्हीला चालतं. साधारण १२० दिवस असतात, पण बँका आपल्याकडची मुदत त्याच्या आधी धरतात, आणि दुकानवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. पंधरा डॉलर, मग चाळीस डॉलर, मग रिसेट मारा, हे उगीच नाही चाललेलं. तुम्ही शंभरावा दिवस ओलांडेपर्यंत ते डिअर फ्रेंड म्हणत राहणार.

आता फॉर्म भरताना काय लिहायचं ते नीट वाचा. "फोन खराब आहे" हे पहिलं वाक्य करू नका. खराबवर दुकान म्हणतं रिपेअर करून देतो, पाठवा, आणि मग तुम्ही परत त्याच चक्रात. तुमची केस "सांगितलं एक, दिलं दुसरं" ही आहे. साइटवर ग्लोबल व्हर्जन लिहिलंय, आलं चायनाचं, सील तोडून सॉफ्टवेअर बदललेलं. साइटच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच्या आज काढा, तारीख दिसेल असा, कारण ते पान बदलतात. खोक्यावरचं मॉडेल नंबरचं लेबल, कापलेलं सील, कुलपाचं चित्र, बँक ॲपचा मेसेज, सगळे फोटो. तापतो, बंद पडतो हे खाली लिहा, खोटं काही लिहू नका, पण पहिला मुद्दा तो नाही.

आणि अशा डिस्प्यूटला एक अट असते, गिऱ्हाइकानं वस्तू परत करायचा प्रयत्न केलेला पाहिजे. प्रत्यक्ष पाठवलीच पाहिजे असं नाही, पण प्रयत्न दाखवायला लागतो. म्हणून दुकानाला आज एक साधा मेल टाका की मी फोन परत द्यायला तयार आहे, तुमच्या नोंदलेल्या हाँगकाँगच्या पत्त्यावर, खरी किंमत आणि बॅटरी डिक्लेअर करून, तुमच्या खर्चानं, प्रीपेड लेबल (आधीच पैसे भरलेली कुरिअरची चिठ्ठी) पाठवा. तारीख द्या, सात दिवस. ते लेबल पाठवणार नाहीत. मग हा मेल, त्यांचं उत्तर, आणि तो २० डॉलर गिफ्टवाला मेल जोडून बँकेला द्या. खोटं डिक्लेरेशन करायला सांगणारं दुकान, ह्याच्यापेक्षा चांगला पुरावा मला नऊ वर्षांत कमी वेळा मिळाला.

ब्रँचमध्ये जाऊ नका, तिथल्या पोराला माहीत नसतं, तो म्हणेल "सर दुकानाशी बोला". कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन, डिस्प्यूट फॉर्म मागा, मेलवर पाठवा, कम्प्लेंट नंबर घ्या. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडं (लोकपालाकडं) ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. बँकांना ते नाव पुरतं.

पेठेतला:
ताई तुम्ही २०१९ मध्ये कुठं होतात 😭

कोर्टकचेरी:
ग्राहक मंचाचं कुणी बोललं नाही म्हणून. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्सचे नियम परदेशी साइटला पण लागू आहेत, जर ती इथल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकत असेल तर. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात टाकता येते, म्हणजे सांगलीतच, मुंबईला जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. हेल्पलाइन १९१५.

पण मी वकील असून सांगतो, कागदावर जिंकाल आणि वसूल कुणाकडून करणार? नोटीस बजावायची तर दुकानाचा इथं ऑफिस नाही, एजंट नाही. शेनझेनच्या त्या मोबाइल नंबरवर आयोगाची नोटीस पाठवणार का? १९१५ वर तक्रार नोंदवून ठेवा, नंबर मिळतो, बँकेच्या फाइलला जोडायला बरा. त्यापुढं बँकवाल्या ताईंचा रस्ता.

स्लाऊकर:
इकडं इंग्लंडमध्ये क्रेडिट कार्डावर १०० पाउंडाच्या वर आणि ३० हजारांच्या खाली काही घेतलं की कार्ड कंपनी दुकानाइतकीच जबाबदार, सेक्शन ७५ म्हणतात, १९७४ चा कायदा आहे, आणि दुकान परदेशी असलं तरी लागू. मी असाच फोन दीड महिन्यात परत केला होता. आपल्याकडं का करत नाहीत असं काही कळत नाही. एक गंमत म्हणजे इथल्या काही साइट डॉट यूके लावतात, पाउंडात भाव देतात आणि माल त्याच शेनझेनहून येतो, परतीचा पत्ता मागितला की कळतं. सांगलीकर, पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी रिटर्न ॲड्रेस कुठला तेवढं विचारा, गप्प बसले तर समजायचं.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार, खरंच. बँकवाल्या ताई, तुम्ही सांगितलं तसा मेल टाकला, बायकोनं इंग्लिश नीट केलं. साइटचं पान उघडलं तर "ग्लोबल व्हर्जन"च्या खाली बारीक अक्षरात "ग्लोबल रॉम" असं नवीन आलंय, आधी नव्हतं, माझ्याकडं ऑर्डर केली त्या दिवशीचा स्क्रीनशॉट होता नशिबानं, मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलेला, की हा घेऊ का म्हणून.

न्हावाशेवा साहेब, बिल ऑफ एंट्री मिळालं, फोन ८५१७ ह्या हेडिंगखालीच आहे. सहा दिवसांत काही होणार नाही, एका सीएचएला विचारलं तो हसला. ड्युटी सोडली आता मनातून.

न्हावाशेवा:
हसणारच. तरी ते बिल जपून ठेवा, बँकेला दाखवायला की एवढा खर्च वर झालाय. बँक ड्युटी देणार नाही म्हणा, तिचा हिशोब दुकानाला गेलेल्या रकमेपुरताच.

माजी बँकवाली:
बरोबर. आणि एक लक्षात ठेवा, पैसे डॉलरमध्ये गेलेत. परत येताना त्या दिवसाच्या दरानं येतील आणि फॉरेक्स मार्कअप (परकी चलनासाठी बँक लावते तो जादा चार्ज) सहसा परत येत नाही. चार-पाचशे इकडं तिकडं होतील, त्यावरून बँकेशी भांडू नका, भांडणं जपून वापरा. "ग्लोबल रॉम" आणि "ग्लोबल व्हर्जन" ह्यातला फरक फॉर्ममध्ये दोन ओळीत सोप्या भाषेत लिहा, तपासणाऱ्याला रॉम म्हणजे काय ते माहीत नसतं. "हार्डवेअर चीनच्या बाजारासाठीचं, फक्त सॉफ्टवेअर बदललेलं" एवढं पुरे.

रॉमकरी:
त्यात हे पण घाला की सील त्यासाठीच कापलंय. रॉम टाकायला फोन चालू करायला लागतो, सील न तोडता होत नाही. म्हणजे २० टक्के कापायचं कारण त्यांनीच तयार केलं.

कृष्णाकाठ:
अपडेट द्यायला उशीर झाला, सीझन होता. सात दिवसांत दुकानाचं लेबल आलं नाही, आलं ते ६० डॉलरची ऑफर आणि गुलाबाचं फूल 🌹. त्याच दिवशी बँकेला फॉर्म पाठवला. पहिल्यांदा फोनवरचा पोरगा म्हणाला "सर डिलिव्हरी झालीय ना मग डिस्प्यूट कसला", मी ताईंचं वाक्य वाचून दाखवलं, मग त्यानं वर दिलं. दहा-बारा दिवसांनी टेम्पररी क्रेडिट म्हणून रक्कम कार्डावर दिसली. मी नाचलो. बायको म्हणाली टेम्पररी लिहिलंय, बस खाली.

मग दुकानानं उत्तर दिलं. काय जोडलं तर कुरिअरचं ट्रॅकिंग, माल पोचला म्हणून. बस एवढंच. सीलवर काही नाही, ग्लोबलवर काही नाही. बँकेनं मला विचारलं तुमचं म्हणणं काय, मी परत तेच फोटो आणि २० डॉलरचा मेल पाठवला. काल मेसेज आला, केस क्लोज, क्रेडिट फायनल. ३८,९०० गेलेले, आलेत ३७ हजार सातशे काहीतरी. ड्युटी आणि कुरिअरची फी गेली ती गेली. म्हणजे सोळा-सतरा हजाराला एक धडा घेतला म्हणायचा, असं मीच तो म्हणायच्या आधी मीच म्हणून घेतो.

मीच तो:
😄 मी काही बोललो नाही. अभिनंदन भाऊ.

पेठेतला:
वा! आणि फोन?

कृष्णाकाठ:
तोच प्रश्न आहे. दुकानाला लिहिलं की घेऊन जायचा तर लेबल पाठवा, मी देतो. उत्तर नाही. आमचे वडील म्हणतात रेडिओ म्हणून द्या मला. विकावा वाटत नाही, घेणाऱ्याला हीच कटकट होणार.

माजी बँकवाली:
विकू नका, निदान काही महिने. दुकान उद्या मागू शकतं, आणि तुम्ही द्यायला तयार आहे असं लेखी दिलंय. लेबल आलं तर द्या. मेल ठेवा.

टेपवाला:
आणि ठेवताना फुल्ल चार्ज करून ठेवू नका, निम्म्यावर आणून बंद करा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. गच्चीच्या खोलीत किंवा पत्र्याखाली नको, सांगलीचा उन्हाळा आहे. पाठ फुगायला लागली तर वडिलांना रेडिओ नवीन घेऊन द्या.